जो कठड्याला टेकेल, घर त्याचे

मी, खाली सही करणारी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, नगर कार्यालयाच्या तक्रार कक्षातून प्रमुख लिपिक म्हणून निवृत्त, राहणार पुलाकडच्या गल्लीतले शेवटचे घर, वरचा मजला, लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे, हात थरथरतो तो औषधाने, आणि या लिखाणासाठी माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दबाव आणायचा प्रयत्न झाला. तो कोणी केला आणि किती गोड बोलून केला, हे पुढे योग्य त्या कलमात येईल.

डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. डॉक्टर गावात नवे. त्यांनी मला वार विचारला, तारीख विचारली, शंभरातून सात-सात वजा करत खाली यायला सांगितले, ते मी त्यांना कंटाळा येईपर्यंत केले. शेवटी विचारले, "आपले नगराध्यक्ष कोण, सांगा बरं?" मी म्हटले, "माझा मुलगा." डॉक्टरांनी पेन खाली ठेवले आणि माझ्याकडे फार मायेने पाहिले. कंपाउंडरने त्यांच्या कानात सांगेपर्यंत मी वेडी ठरले होते. पोटातल्या आजाराने मला उन्हाळा संपेपर्यंतची मुदत दिली आहे, असे त्याच डॉक्टरांचे म्हणणे आहे.

यापूर्वी केलेले माझे मृत्युपत्र या लेखाने रद्द समजावे. त्यात सगळे मुलाला दिले होते. तेव्हा मी त्याची फक्त आई होते.

गावात मला निकालीबाई म्हणतात. तोंडावर म्हणत नाहीत, पण मला माहीत आहे. एकतीस वर्षे गावातली प्रत्येक लेखी तक्रार माझ्या टेबलावरून गेली आणि प्रत्येकीवर शेवटी मी एकच शिक्का मारला: निकाली. नियम असा होता की तक्रारीला तीस दिवसांत उत्तर गेलेच पाहिजे. काम झालेच पाहिजे, असे नियमात कुठेच नव्हते. म्हणून मी एक पद्धत बसवली. एकोणतिसाव्या दिवशी तक्रारदाराला पत्र टाकायचे: 'आपल्या तक्रारीतील नेमके ठिकाण नमूद करावे.' पत्र गेले की तीस दिवस पुन्हा पहिल्यापासून. माणूस एकदा उत्तर देतो, दोनदा देतो, चिडून तिसऱ्यांदाही देतो. चौथ्यांदा देत नाही. मग शेरा मारायचा: 'तक्रारदारास स्वारस्य नाही.' कार्यालयात याला एकोणतिसावे पत्र म्हणत. शेजारच्या गावांतले लिपिक ते शिकायला माझ्याकडे येऊन बसत, आणि मी त्यांना चहा पाजून शिकवत असे. मला त्याचा अभिमान होता. आता मालमत्तेकडे वळते.

कलम पहिले. बँकेतली ठेव माझ्या औषधाला आणि अंत्यविधीला पुरेल. उरेल ती कलम चौथ्यासाठी वापरावी. त्यावरून कोणी तोंड वाजवू नये.

कलम दुसरे. सून. माझ्या आजारपणात सुनेने रोज सकाळी न चुकता विचारले, "आई, काही हवंय का?" दारातूनच विचारले, आणि उत्तर ऐकण्याआधी जिन्यावर तिची पावले वाजत. तिने जेवढे केले तेवढे तिला मिळावे, असे मला वाटते. म्हणून माझ्या खोलीचा दरवाजा, चौकट व पितळी कडीसह, मी तिला देते. सुताराची मजुरी तिने द्यावी.

कलम तिसरे. तक्रारमुक्त कार्यालयाची ढाल. मी निवृत्त झाले त्या वर्षी आमच्या आवक रजिस्टरात वर्षभर एकही तक्रार नोंदली गेली नाही. वरून साहेब आले, हार आले, भाषणे झाली, आणि ही लाकडी ढाल माझ्या हातात दिली. टाळ्या वाजत होत्या तेव्हा मी खिडकीतून बाहेर पाहत होते. समोरच्या रस्त्यात गुडघाभर खड्डा होता आणि लोक त्याला वळसा घालून जात होते. एकानेही मान वर करून कार्यालयाकडे पाहिले नाही. लोक भांडत होते तोपर्यंत त्यांना आमच्याकडून काहीतरी अपेक्षा होती. त्यांनी आम्हाला सोडून दिले आणि आम्ही त्याचे बक्षीस घेतले. ही ढाल कार्यालयाला परत द्यावी. स्वच्छतागृहाचे दार नीट लागत नाही, त्याला आतून अडकवायला ती बरोबर मापाची आहे.

कलम चौथे. यजमानांची हत्यारे. माझे यजमान वेल्डर होते. खाली त्यांचे वर्कशॉप, वर आम्ही. वेल्डिंगचे मशीन, केबल, ग्राइंडर, तीन हातोडे, शिकंजा आणि लोखंडाचे उरलेले तुकडे गल्लीतल्या सगळ्यांच्या सामाईक मालकीचे राहतील. वर्कशॉपची किल्ली बाहेर खिळ्याला टांगावी. गावातली कोणतीही सरकारी वस्तू परवानगीशिवाय दुरुस्त करायची असेल त्याने मशीन न विचारता न्यावे. सरकारी मालमत्तेशी छेडछाड केल्याची नोटीस आली तर तिचा दंड माझ्या ठेवीतून भरावा आणि नोटीस भिंतीला चिकटवावी. भिंत भरली तर मला बरे वाटेल, म्हणजे तेव्हा वाटायला मी असले तर.

हत्यारांपैकी एकच वस्तू वगळते. काळ्या काचेचा वेल्डिंगचा मुखवटा बांधकाम अभियंत्याला द्यावा. डोळ्यांसमोर काळी काच धरून पाहणी करायची त्यांना जुनी सवय आहे.

कलम पाचवे. रजिस्टरे. लोखंडी कपाटात निकाली काढलेल्या तक्रारींची तीन जाड रजिस्टरे आहेत. ती सरकारी आहेत. निवृत्तीच्या दिवशी मी ती पिशवीतून घरी आणली. ही चोरी आहे आणि ती मला कबूल आहे. तेव्हा मी ती लपवायला आणली होती, हेही कबूल आहे. आजपासून ती वर्कशॉपमध्ये टेबलावर उघडी राहतील. ज्याला आपले किंवा आपल्या आईबापाचे नाव शोधायचे असेल त्याने यावे, शोधावे, आणि समोर काय वाटेल ते लिहावे. शिव्या लिहिल्या तरी चालतील. पेन्सिल दोरीने बांधून ठेवली आहे, कारण आमच्या गावात पेन्सिली राहत नाहीत.

कलम सहावे. घर, म्हणजे वरचा मजला; खालचे वर्कशॉप कलम चौथ्याप्रमाणे गल्लीकडेच राहील.

इथेच खरे घोडे पेंड खाते. हे कलम लिहायला मला चार दिवस लागले.

आमच्या गल्लीतून बाजाराकडे जायला नाल्यावर एक पादचारी पूल आहे. खाली काँक्रीटचा तळ, दोन पुरुष खोल. पुलाला लोखंडी कठडा होता. एके दिवशी यजमानांनी कामावरून येताना हातोडीने कठड्याचा एकेक खांब वाजवून पाहिला आणि सडलेल्या खांबांवर खडूने फुल्या मारल्या. रात्रीच्या जेवणाची वाट न पाहता अर्ज लिहायला बसले. 'चौदापैकी अकरा खांब बुडाशी सडले आहेत. लोखंड माझे, मजुरी माझी. फक्त परवानगी द्यावी.' दुसऱ्या दिवशी ते माझ्याच खिडकीसमोर रांगेत उभे राहिले. मी त्यांच्या अर्जावर आवक क्रमांक टाकला आणि "पुढचे," म्हणाले. मागचा माणूस हसला. तेही हसले.

एकोणतिसाव्या दिवशी त्यांना माझे पत्र गेले. पोस्टमनने ते आमच्याच जिन्यावर आणून दिले.

"अगं, ठिकाण विचारलंयस? रोज त्याच पुलावरून जातेस ना ऑफिसला?"

"ऑफिसचं ऑफिसात. घरी विचारू नका."

"बरं बाई. लेखी देतो."

त्यांनी लेखी दिले. सोबत नकाशा काढला. त्यात आमचे घर, आणि वरच्या खिडकीत मी, डोक्यावर अंबाड्याचा गोळा असलेली. मी तो नकाशा फाइलला लावला आणि एकोणतीस दिवसांनी पुन्हा तेच पत्र धाडले. तीनदा त्यांनी उत्तर दिले. चौथे पत्र त्यांनी उघडलेच नाही, त्यावर चहाचा कप ठेवू लागले. मी शिक्का मारला. कोणाला वाटेल की आमचे भांडण असेल, मनात काही राग असेल. तसा राग असता तर निदान त्याला काही कारण तरी सांगता आले असते. मला त्यांचा राग नव्हता. मी ते सवयीने केले, समोर कोण आहे हे न पाहता, जसे सगळ्यांचे करत होते तसे.

मग एका रविवारी ते मशीन घेऊन पुलावर गेले. एक खांब झाला असेल नसेल, बांधकाम अभियंता आले, केबल जप्त केली, नोटीस दिली. नोटिशीवरचा जावक क्रमांक माझ्या अक्षरात आहे. यजमान घरी आले आणि हात धुता धुता म्हणाले, "तुझं अक्षर छान आहे." एवढेच म्हणाले.

आठ महिन्यांनी सकाळी साडेनऊला ते पुलावर गल्लीतल्या शिवणकामवालीशी बोलत उभे होते. ती तेव्हा तिशीतली, डोक्यावर शिवून झालेल्या कपड्यांचे गाठोडे. गाठोडे उतरवून ती क्षणभर कठड्याला टेकली. खडूच्या फुल्या केव्हाच पुसल्या गेल्या होत्या. तिला काय माहीत? यजमानांना माहीत होते. त्यांनी झेप घेऊन तिचा हात धरला आणि कठडा त्या दोघांना घेऊन खाली गेला. ते जागीच गेले. ती वाचली, पण उजवा हात खांबाखाली चिरडला. तीन बोटे आजही वळत नाहीत. शिवणकाम करणाऱ्या बाईची उजव्या हाताची तीन बोटे.

मी तेव्हा टेबलावर होते. बातमी घेऊन आलेल्या माणसाला मी आधी रांगेत उभे राहायला सांगितले.

मुलगा तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा, रिकामटेकडा, पुढाऱ्यांच्या मागे फिरणारा. दोन महिन्यांनी निवडणूक होती. त्याने बापाचा फोटो मोठा करून घेतला आणि गावभर लावला. 'बाबांचा कठडा उभारणारच.' बायका रडल्या, पुरुषांनी हात हातात घेतले, आणि तो निवडून आला. मग कठड्याच्या जागी दोर बांधला. दोराला पाटी लावली: 'सावधान! कठडा नाही.' पाटीवर त्याचा हात जोडलेला फोटो. आधी नगरसेवक, मग दोनदा नगराध्यक्ष. एकोणीस वर्षांत दोर तीनदा बदलला आणि पाटीवरचा फोटो सहा वेळा.

आता जे लिहिते ते मी आजवर कोणाजवळ बोललेले नाही.

अपघातानंतर पाच महिन्यांनी शिवणकामवालीने तक्रार दिली. डाव्या हाताने लिहिलेली, अक्षरे पहिलीतल्या मुलासारखी. कठडा सडल्याचे आधी कळवूनही का बदलला नाही, याची चौकशी करावी, एवढेच तिचे म्हणणे. त्या संध्याकाळी मुलगा माझ्याशेजारी येऊन बसला. फार दिवसांनी बसला होता.

"आई, हिचं प्रकरण चौकशीला गेलं तर बाबांचा जुना अर्ज निघेल."

"निघू दे."

"त्यावर शिक्का कुणाचा आहे? तुझी पेन्शन अडकेल. आणि माझं काय होईल? लोक म्हणतील, ज्याच्या नावानं मतं मागितली त्याला याच्या आईनंच मारलं."

मी म्हटले, "बघते."

एकोणतिसाव्या दिवशी मी तिला पत्र लिहिले: 'घटनेचे नेमके ठिकाण नमूद करावे.' तिचे उत्तर आले: 'जिथे तुमचे यजमान वारले तिथे.' मी त्यावर दुसरे पत्र लिहिले: 'उत्तर संदिग्ध आहे. कृपया स्पष्ट करावे.' त्यानंतर तिने काही लिहिले नाही. तिने लिहिले नाही म्हणून गल्लीने लिहिले नाही, गल्लीने लिहिले नाही म्हणून पलीकडच्या वस्तीने. ढाल मला अशी मिळाली. यजमानांच्या बाबतीत सवय होती असे म्हणता येईल. हिच्या बाबतीत मी पूर्ण शुद्धीत होते, आजच्यापेक्षा जास्त.

तर घर. मुलगा आता तिसऱ्यांदा नगराध्यक्षपदासाठी उभा आहे. मी त्याला महिन्यापूर्वी सांगितले होते की घर हवे असेल तर मतदानाआधी पुलावर उभा राहून ही तीन रजिस्टरे लोकांसमोर वाच, माझ्या नावासकट, तुझ्या नावासकट. गेल्या मंगळवारी तो सकाळीच आला, हातात फळांची पिशवी.

"आई, हे सगळं चव्हाट्यावर आणून मिळणार काय? गेलेला माणूस येणार आहे का परत?"

"नाही येणार."

"मग? तुला कठडा हवाय ना? कठडा देतो. तू ती वाचायची अट काढून टाक. तुझी शपथ, दोन दिवसांत उभा करतो."

"दोन दिवसांत होतो?"

"मनात आणलं तर काय होत नाही गं?"

आपण काय बोलून गेलो हे त्याच्या लक्षातही आले नव्हते. तो फळे बशीत लावत होता. मी म्हटले, "बरं, काढते." कोणाला दबाव कसा असतो ते पाहायचे असेल तर तो असा असतो, सोललेली संत्री आणि मनापासून मारलेली हाक. मी त्याला खोटे सांगितले, याची नोंद घ्यावी. त्याच्याशी खोटे बोलताना माझी जीभ अडखळली नाही.

गुरुवारी कंत्राटदाराचा टेम्पो आला, दोन माणसे आली. चार तासांत कठडा उभा राहिला, पिवळा रंगही झाला. एकोणीस वर्षे आणि चार तास.

मग मी खिडकीशी बसून दोन दिवस पूल पाहिला. आमची माणसे मधोमध, एकामागे एक, हात अंगाशी धरून चालत होती, दोर होता तेव्हा चालत तशीच. शाळेच्या पोरांना आया खांद्याला धरून मधे ओढत होत्या. एका म्हाताऱ्याने छत्रीच्या टोकाने खांब ढोसून पाहिला आणि मान हलवून पुढे गेला. नवा कोरा कठडा, आणि त्याच्यावर कोणाचा भरवसा नाही. नगर कार्यालयाने काय कमावले ते मला वरून स्वच्छ दिसत होते.

शनिवारी सकाळी दहाला उद्घाटन ठेवले. फीत, फोटोवाला, बांधकाम अभियंता, गल्लीतली वीस-पंचवीस माणसे. मी काठी टेकत जिना उतरले.

"आई! तू कशाला आलीस उन्हात?"

"बघायला आले. छान झालाय. आता टेक."

"काय?"

"पाठ लावून टेक. पूर्ण वजन टाक. तू बांधलास ना? मग सगळ्यांच्या आधी तू टेक."

तो हसला. लोकांकडे पाहून हसला. कोणी हसले नाही. मग त्याने आवाज खाली आणला.

"आई, रंग ओला आहे."

तेव्हा शिवणकामवाली गर्दीतून पुढे आली. तिने उजव्या हाताचा तळवा, तीन न वळणाऱ्या बोटांसकट, कठड्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवला आणि सगळ्यांना दाखवला. तळव्याला रंग नव्हता. मुलाने अभियंत्याकडे पाहिले. अभियंत्याने फोन कानाला लावला. फोन वाजलेला नव्हता. मुलगा लोकांना म्हणाला, "आईची तब्येत बरी नाही हो, समजून घ्या," आणि फोटोसाठी कठड्यावर दोन बोटे ठेवली. वजन पायांवरच होते. फोटो झाल्यावर तो गाडीत बसून गेला. त्यानंतर गर्दी पांगली, मला उन्हाचा त्रास झाला आणि मी घरी आले.

म्हणून माझी आधीची अट मी बदलते. वाचून दाखवायला त्याला सांगत नाही. वाचन तो सुंदर करतो. नवी अट अशी: मतदानाच्या आदल्या दिवसापर्यंत कोणत्याही दिवशी, भर दुपारी, लोक हजर असताना, मुलाने, अभियंत्याने आणि कंत्राटदाराने तिघांनी मिळून पुलाच्या मध्यावर कठड्याला पाठ लावून पाय जमिनीवरून उचलावेत आणि शंभर अंक मोजेपर्यंत तसेच राहावे. कठडा टिकला तर घर मुलाचे, आणि गावानेही त्याला मत द्यावे. मीही देईन, जिवंत असेन तर. एवढी साधी गोष्ट मी एकतीस वर्षांत कधी कोणाला करायला लावली नाही. ज्याने सही केली त्याने आधी आपले वजन टाकावे, मग गावाने. पुढच्या प्रत्येक पुलाला, टाकीला, शाळेच्या छपराला हीच रीत लावावी, अशी माझी गावाला विनंती आहे. विनंती म्हणते, कारण गावाला आज्ञा करण्याचा अधिकार माझ्यासारख्यांनी आधीच भरपूर वापरला आहे.

तिघे टेकले नाहीत तर घर विकावे आणि आलेल्या पैशांतून चांगला वकील देऊन नगर कार्यालयावर दावा लावावा. कागदपत्रे कलम पाचमध्ये आहेतच. दाव्यात पहिली प्रतिवादी मी असावे, मेलेली असले तरी. हा कागद तपासणारे वकीलसाहेब म्हणतात, मेलेल्या माणसावर असा दावा चालत नाही. चालत नसेल तर निदान अर्जात नाव लिहावे आणि न्यायाधीशांना ते खोडावे लागेल असे करावे. दुसरा प्रतिवादी मुलगा.

टेकले किंवा नाही हे शिवणकामवालीने ठरवावे. तिच्या म्हणण्यावर अपील नाही. यासाठी मी काल तिला घरी बोलावले. एकोणीस वर्षांत ती पहिल्यांदा आमचा जिना चढली. मी तिला सरळ म्हटले की तिघे टेकले नाहीत तर घर तुझ्या नावे करते.

"मला नको तुमचं घर," ती म्हणाली. "तुम्ही मला घर देणार आणि माझं प्रकरण पुन्हा निकाली."

"मग काय हवंय तुला?"

"साक्षीदार म्हणून मी सही करीन. पण सगळं मला मोठ्यानं वाचून दाखवायचं. प्रत्येक पानावर माझ्यासमोर सही करायची. आणि माझ्या सहीखाली मला जे लिहायचं ते मी लिहीन. तुम्ही खोडायचं नाही."

मी कबूल केले. वकीलसाहेबांनी कपाळाला हात लावला.

कलम सातवे. मृत्युपत्रे मेल्यावर उघडतात. हे आज उघडे आहे. याची एक प्रत वर्कशॉपच्या शटरवर लावावी, आणि फाडली गेली तर दुसरी लावावी. वीस प्रती काढून ठेवल्या आहेत. मतदानाला एकवीस दिवस आहेत.

कलम आठवे. माझ्या अंत्ययात्रेत मुलाने खांदा द्यावा की नाही, हे त्याचे त्याने ठरवावे. फोटोवाला मात्र नसावा. मला पुलावरून न्यावे लागेल, दुसरा रस्ता नाही. नेणाऱ्यांनी मधून चालावे. मुलावर माझी माया नाही, असे कोणी समजू नये. मी त्याला नऊ महिने पोटात वाढवले आणि पुढे सत्तेचाळीस वर्षे पाठीशी घातले. दुसऱ्या कामात माझी चूक झाली.

वर लिहिलेले सर्व मी स्वतःच्या हाताने लिहिले, मोठ्याने वाचून दाखवले, प्रत्येक पानावर सही केली. खाडाखोड नाही.

स्थळ: राहते घर, वरचा मजला, पुलाकडची खोली.
दिनांक: ११ मार्च २०२४, सोमवार, सकाळी साडेअकरा.

सही
(तक्रार कक्षाची निवृत्त प्रमुख लिपिक)

साक्षीदार पहिला: डॉक्टर.
लिहून देणाऱ्या बाई पूर्ण शुद्धीत आहेत. लिहिलेले त्यांना समजते. इतके समजते की तपासताना मला दोनदा घाम आला.
सही

साक्षीदार दुसरी: शिवणकाम करणारी, याच गल्लीत राहणारी. सही डाव्या हाताची.
बाईंनी सगळं वाचून दाखवलं, मी ऐकलं. जे लिहिलंय ते खरं आहे. एक गोष्ट त्यांनी लिहिली नाही, ती मी लिहिते. शनिवारी पोरगा गाडीत बसून गेल्यावर लोक लगेच पांगले नाहीत. मी बाईंना म्हटलं, बाई, आता तुम्ही टेका. बाईंनी कठड्याला हात लावला. बराच वेळ लावून ठेवला. सगळे थांबले होते. मग बाई म्हणाल्या, ऊन फार आहे, आणि पुलाच्या मधून चालत घरी गेल्या.
सही